हेल्मी जात नाही

उत्तर स्वीडनमधल्या एका गावात, शाळेच्या पटांगणात विज्ञान संस्थेची निळी व्हॅन गारठून ठप्प झाली होती आणि तिच्याशेजारी एक उंच तरुण हातांवर फुंकर घालत उभा होता. पलीकडच्या गॅरेजातून हेल्मी बाहेर आली. हात तेलानं माखलेले, गालावर काळा फराटा.

"रात्री वायर लावली नव्हतीस?"

"कसली वायर?"

तिनं पटांगणाच्या कडेच्या खांबाकडे बोट दाखवलं. हिवाळ्यात रात्री गाडी खांबावरच्या विजेला जोडायची, म्हणजे इंजिन उबेत राहतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"दक्षिणेचा, मालमोचा दिसतोस. मुलांना अंतराळ शिकवायला आलास ना?"

"हो. मी आर्विद."

"बरं आर्विद, गाडी मी बघते. तू अंतराळ बघ."

तो हसला... आणि ते हसू तिच्या मनात घर करून बसलं. देवाला दोन जिवांची भेट घडवायची असली की बंद पडलेली गाडीसुद्धा पुरते.

निघताना तो म्हणाला, "संस्थेत दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे. संशोधनाच्या मोठ्या फुग्यांबरोबर आकाशात जाणारी यंत्रं बनवायची. पगारही मिळतो. ये ना."

"तुझ्या गाड्या दुरुस्त करायला?"

"त्यासाठी तर येच."

ती गेली. उत्तरेतल्याच किरुना शहराजवळच्या संस्थेच्या कार्यशाळेत लेथवर, वेल्डिंगवर तिचा हात झकास बसला. दुपारच्या कॉफीला आर्विद दालचिनीचा पाव तोडून मोठा तुकडा तिच्याकडे सरकवायचा. ती तो तुकडा कधी परत करायची नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात संचालिका बिर्गिट्टानं सगळ्यांना बोलावलं.

"इथली कार्यशाळा आपण बंद करतोय. नोकऱ्या दक्षिणेत, गोथेनबर्गला आहेत. शिकणाऱ्या सगळ्यांची सोय तिथं केली आहे."

आर्विद कुजबुजला, "मलाही तिकडेच पाठवतायत. चल ना... माझ्याबरोबर."

हे शब्द ऐकायला तिचे कान किती दिवस आसुसले होते, आणि आले ते असे. ती उभी राहिली. रविवारी प्रार्थनाघरात गाऊन गाऊन कमावलेला आवाज होता तिचा.

"मी जाणार नाही, बिर्गिट्टा." तिकडे साहेबालाही अरे-तुरेच.

"चांगली नोकरी आहे, हेल्मी."

"असेल. पण गावोगावची पोरं वेचायची, शिकवायची आणि दक्षिणेला धाडायची, तर मागं कोण उरतं? शिकायचं म्हणजे निघून जायचं, एवढंच शाळेतल्या मुलांना कळतं."

"यंत्रांना मागणी तिकडे आहे."

"फुगे तर इथून उडतात. पडलेलं यंत्र बर्फातून हुडकून आणतो आम्हीच. मग दुरुस्तीला देशाच्या दुसऱ्या टोकाला का पाठवायचं?"

"आणि कार्यशाळा इथं ठेवायला संस्था नाहीच म्हणाली तर?"

"तर माझं गॅरेज आहे. लेथ तिथं लावीन, पोरं तिथं शिकतील. तुझा शिक्का नसेल, इतकंच."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आर्विद उठला होता.

"त्या गॅरेजात शिकवायला माणूस लागेल."

"आर्विद, तुझी नेमणूक झाली आहे," बिर्गिट्टा म्हणाली.

"मग रद्द कर."

बिर्गिट्टानं समोरची फाइल मिटली. "वरती बोलते मी. पण वचन देत नाही."

"नको देऊस," हेल्मी म्हणाली. "मी देतेय."

बाहेर हिवाळ्यातल्या कित्येक आठवड्यांच्या अंधारानंतर सूर्याची कोर टेकडीवर आली होती. बर्फ गुलाबी झालं होतं.

"खुळा आहेस," हेल्मी पुटपुटली. "हातची नोकरी घालवलीस. इथं काही मिळालं नाही तर?"

"तर गॅरेजात तेल पुसीन." तो अडखळला. "मी इथं राहिलो... तुझ्यासाठी राहिलो... तर चालेल तुला?"

हेल्मीनं ओठांचा चंबू करून झर्रकन श्वास आत ओढला. उत्तरेत 'हो' म्हणायला शब्द लागत नाही, एवढा एक श्वास पुरतो. आर्विदला ते चांगलं ठाऊक झालं होतं. तरी तो म्हणाला—

"ऐकू नाही आलं."

"मग जवळ ये."