काळा कुर्ता, खोल खिसे

मूर्तिजापूरच्या स्टँडवर एसटी थांबली, दामिनीनं वरच्या फळीवरून पाण्याची बाटली काढायला हात उंच केला, आणि टर्र… नवाकोरा कुर्ता बाहीच्या जोडाला उसवला!

तिनं हात झटकन खाली घेतला. पण मागच्या सीटवरून आवाज आलाच.

"तुमची चूक नाई. शिलाईच कच्ची हाय."

तिनं वळून पाहिलं. कुरळ्या केसांचा एक तरुण गंभीर चेहऱ्यानं सेफ्टी पिन पुढे करून बसला होता. फक्त डोळे तेवढे हसत होते.

"तुमी काय पिना घेऊनच फिरता?"

"धंदाच हाय माहा. अकोल्यात कपडे शिवतो, जठारपेठेत. मी विपुल."

दामिनीनं पिन घेतली आणि मग अकोला येईपर्यंत आपलं सगळं गाऱ्हाणं त्याच्यापुढे मांडलं. ती अमरावतीत एका लॅबमध्ये नोकरीला होती, घर अकोल्यात. कपाट कपड्यांनी भरलेलं, आणि घालायला काही नाही. पहिल्या धुण्यात आटतात, दुसऱ्यात उसवतात. म्हणून तिनं ठरवलं होतं… चारच जोड घ्यायचे. सुती, साधे, नुसते काळे. वर्षानुवर्षं टिकणारे. आणि शिवणाऱ्या बाईला नीट मजुरी मिळालेली असली पाहिजे. पण आजूबाजूला सगळीकडे कापसाची पऱ्हाटी उभी असताना तिला एक बिननक्षीचा सुती कुर्ता मिळत नव्हता. दुकानदार म्हणत, "मॅडम, गळ्याले थोडं टिकल्यायचं काम तरी घ्या!" आणि काळं म्हटलं की आई, कौशल्याबाई, कपाळाला हात लावे.

"मी शिवतो," विपुल म्हणाला. "पण खिसे किती?"

"दोन. खोल."

"येवढं काय ठेवता त्यात?"

"चाव्या. आणि राग."

तो मोठ्यानं हसला, आणि दामिनीला उगाचच वाटलं की अकोला आज जरा लवकरच आलं.

पुढच्या रविवारी ती मापं द्यायला गेली. एका लांब खोलीत चार मशिनी चालू होत्या. मुख्य मशिनीवर विपुलची मावशी, पार्बताबाई. दामिनीनं आल्याआल्या मजुरीचं विचारलं, तेव्हा मावशी चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "मले काय इचारतं पोरी? टायमावर देते. नाई दिले तं त्याचा कान हाय न् माहा हात हाय."

माप मावशींनी घेतलं. विपुल पाठ फिरवून आकडे लिहीत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. दामिनीला ते दिसलं. दिसलं म्हणून आवडलं.

"कवापर्यंत पायजे?"

"संक्रांतीच्या आत. त्या दिवशी तरी काळं घातलं म्हणून कोनी बोलनार नाई."

त्यानंतर मोबाईलवर निरोप सुरू झाले. कापडाचा फोटो. बटणांचा फोटो. मग बटणांशी काहीच संबंध नसलेला, गच्चीवरल्या बोरांच्या वाटीचा फोटो… "खासाल का?" अमरावतीच्या लॅबमध्ये शेजारी बसणारी रूपाली म्हणायची, "हा टेलर हाय का कोन हाय?" दामिनी म्हणायची, "टेलरच हाय गं," आणि परत मोबाईल पाहायची.

घालून पाहायला ती गेली, त्या दिवशी गोपालनं तिला गाडीवर सोडलं. गोपाल तिचा भाऊ. दीडच वर्षांनी लहान, त्यामुळे ताई म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. तो दारातूनच ओरडला, "दामिनी, आटप ना! आई जेवाले थांबली घरी!" पार्बताबाईंनी चष्मा वर करून त्याला नीट निरखलं. विपुलनंही पाहिलं.

आणि तिथून सगळं बिनसलं.

बोरांचे फोटो बंद झाले. "मॅडम, काज झाले." "मॅडम, इस्त्री राहिली." प्रत्येक निरोपात मॅडम! दामिनीनं आपले जुने निरोप पुन्हा पुन्हा वाचले. आपण काही जास्त बोललो का? की कमी? मजुरीचं विचारलेलं लागलं असेल? पण ते तर आधीच विचारलं होतं! लॅबमध्ये तिनं एकाच नळीवर दोनदा चिठ्ठी लावली. रूपाली म्हणाली, "इचारून टाक सरळ." काय विचारणार? बोरं का पाठवत नाही, असं?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती कपडे न्यायला गेली. आज विचारायचंच, असं वाटभर घोकत गेली. कारण कपडे हातात आले, की त्या खोलीत पुन्हा जायला तिच्याकडे कारणच उरणार नव्हतं.

विपुल कात्रीकडे बघत होता. कात्री नुसती टेबलावर पडली होती.

"काही चुकलं का माहं?"

"नाई, मॅडम."

"मग असं काहून करून राहिले?"

"कसं?" त्यानं पिशवी पुढे केली. "सुखी राहा," असं काहीसं पुटपुटला आणि आत निघून गेला.

सुखी राहा? हे काय बोलणं झालं? दामिनीला रडूही येईना आणि रागही धड येईना. कोपऱ्यावर ऑटोची वाट पाहत तिनं पिशवीतून कुर्ता काढला. सुरेख होता… सरळ, शांत, एकही दोरा बाहेर नाही. सवयीनं तिनं खिशात हात घातला. खिसा खोलच खोल. आणि तळाशी काहीतरी कागदात गुंडाळलेलं.

तिनं पुडी सोडली. आत पांढऱ्याशुभ्र हलव्याचा हार. सोबत हळदीकुंकवाची इवलीशी पुडी.

ती बघतच राहिली. हलव्याचे दागिने तर लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला घालतात. काळं कापड, संक्रांतीच्या आत, चार-चार जोड… आणि दारात ओरडणारा गोपाल! गळ्यात मंगळसूत्र नाही, पण तिच्या गळ्यात कधी काहीच नसायचं. साधेपणाची हौस! आली अंगाशी. दामिनी भर रस्त्यात एकटीच हसली, आणि उलट पावली पळाली.

"हे माहं नाई," तिनं धापा टाकत हार टेबलावर ठेवला.

"ठेवा ना," विपुल खाली बघतच म्हणाला. "मावशीनं मायेनं केला. पयली संक्रांत तुमची…"

"लग्नच नाई झालं माहं! तो गोपाल माहा भाऊ हाय. सख्खा!"

चारही मशिनी थांबल्या. पार्बताबाईंनी जीभ चावली. विपुलनं मान वर केली, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"भाऊ?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. "मी आठ दिवस बोरं एकटाच खाल्ले…"

"आणि मी आठ दिवस झोपली नाई," दामिनी म्हणाली. म्हणून टाकलं आणि मग लाजली. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिनं हार उचलून मावशींच्या हातात दिला. "मावशी, हा डब्यात ठेवा. पुढच्या संक्रांतीले माह्या गळ्यात घालजा. इथंच."

मावशी हाराकडे बघत राहिल्या, मग विपुलकडे. "सालभरात मुंग्या लागतीन ना पोरी!"

"मग नवा करजा."

विपुल टेबलाला वळसा घालून पुढे आला. तिच्या हातातल्या नव्या कुर्त्याची बाही उगाच चिमटीत धरून तो उभा राहिला.

"तोवर टिकन ना?" तिनं हळूच विचारलं.

"शिलाई?"

"शिलाई बी."