उन्हात उमटलेली सवत

माझ्या त्रिंबकाच्या वागण्याला काय नाव द्यावं, ते मला अजून सापडलेलं नाही. घरात लग्नाची बायको, तलवाड्याच्या चांगल्या घरातली, हाताला चव असलेली. अन् हा पठ्ठ्या बैलांपाशी झोपायला लागला! गोठ्यात! पाटलाचा पोरगा, मिशीला पीळ देण्याच्या वयाचा, अन् कडब्यावर घोंगडं टाकून पडायचा. सकाळी आला की डोक्यात कुसं. भाकरी वाढावी तर अर्धी खायची, अर्धी कुत्र्याला. विचारलं, "काय झालं रे?" की म्हणायचा, "काही न्हाई, आई." आता ज्याला काही झालेलं नसतं, तो माणूस आपली भाकरी कुत्र्याला घालतो होय?

सगळा दोष त्या फोटूच्या शाळेचा.

निजामाचं राज्य, कचेऱ्यांना जुम्म्याची सुट्टी. तेवढं साधून बीडात राधाकिशन मास्तरांनी मोठ्या माणसांसाठी फोटू काढायची शाळा उघडली. पोरांची शाळा मला ठाऊक, मी स्वतः दुसरीचं पुस्तक अर्धं करून सोडलेलं. पण मिशावाल्यांची शाळा? कोण कोण जायचं तिथं, तर कचेरीतले कारकून, एक शिंपी, एक अत्तरवाला, अन् आमचं हे रत्न. सगळ्यांनी पाळीपाळीनं काळ्या फडक्याखाली डोकं घालायचं अन् पेटीच्या काचेत जग उलटं बघायचं. खरंच उलटं! झाडाचा शेंडा खाली, माणसाचे पाय वर.

मी म्हटलं, "अरे, दारात सुलटं जग पडलंय, ते सोडून उलटं बघायला बीडाला कशाला जायचं?"

"आई, फडक्याखाली गेलं की माणूस नीट दिसतो," म्हणाला.

नीट दिसतो म्हणे! पुढं ऐका, काय नीट दिसलं ते.

आधी आमच्या घराची रीत सांगते पोरींनो, नाहीतर म्हणाल, म्हातारी पदरचं सांगते. नवी सून नांदायला आली की पहिलं वर्षभर तिनं नवऱ्याला दिवसाउजेडी तोंड दाखवायचं नाही. पदर हनुवटीपर्यंत. खोलीत दिवा न्यायचा नाही. आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. माझ्या सासूनं मला असं ठेवलं, मी सुभद्रेला तसंच ठेवलं. लग्न झालं तेव्हा ती अंतरपाटामागं पेंगत होती अन् हा गोट्यांसाठी रडत होता. वैशाखात ती नांदायला आली. पोरगी पाण्यासारखी. कुजबुजत बोलायची, पण कामाला वाघीण.

अन् श्रावण लागतो न लागतो तोच हा गोठ्यात!

एक दिवस मी त्याला तिथंच गाठला. बैलाच्या पाठीवर हात टाकून उभा, जसा काही बैलच त्याचा सोयरा.

"बोल," मी म्हटलं. "न्हाईतर ह्याच दावणीला बांधीन तुला."

मग म्हणतो कसा, "आई, सुभद्रेला तलवाड्याला धाडू या."

"का? भाकरी करपवती?"

"न्हाई."

"उलटं बोलती?"

"बोलतीच कुठं ती? तिचा काहीच दोष न्हाई आई. माझ्या मनात... दुसरी हाय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणणार नाही मी. माझ्या पायाखालची जमीन माझ्या नावावर आहे, ती सरकत नाही. पण हात मात्र शिवशिवले.

"कोण हाय ती सटवी?"

"सटवी म्हणू नको. नाव ठावं न्हाई, गाव ठावं न्हाई. श्रावण लागला तवा मास्तरांनी आमाला कपिलधारला नेलतं, पाण्याचा फोटू काढायला. तिथं धबधब्यापाशी बसली होती. तवापासून डोळे मिटले की... आई, एकीच्या हातची भाकरी खायची अन् दुसरीला मनात ठेवायची, ही चोरी हाय. मला न्हाई जमत. काडीमोड दिल्याली बरी. तिला चांगलं घर मिळंल. मी मुंजाजीला सांगावा धाडलाय."

मुंजाजी म्हणजे सुभद्रेचा थोरला भाऊ. पोळा झाला की तो येणार, अन् बहिणीला गाडीत घालून नेणार. अन् मला हे कधी सांगणार होता? गाडी दारात उभी राहिल्यावर? आमच्या घरात आजवर काडीमोड झालेली नाही. मी म्हटलं, "मी जित्ती असताना ह्या उंबऱ्यातनं सून परत जायची न्हाई. तू जा पायजे तर. बैलही घेऊन जा."

तो मान खाली घालून उभा राहिला. मुकाट उभ्या राहिलेल्या पोराला मारायचं तरी कसं?

दुपारी तो रानात गेला तशी मी त्याचं गाठोडं सोडलं. आई आहे मी, चोर नाही. काळ्या कागदात गुंडाळलेली एक काच निघाली. अंगणात नेऊन उजेडाला धरली अन् मी जी किंचाळले! बाई होती, पण तोंड कोळशासारखं, केस पांढरेफेक, अन् डोळ्यांतली बुबुळं पांढरी. हडळ! माझ्या पोराला कपिलधारच्या झाडीतली हडळ लागली!

सुभद्रा पळत आली. पदराची कड जरा वर करून काचेत बघितलं, अन् खुदकन हसली. मग तोंडावर हात दाबून हसली. मग मटकन खालीच बसली.

"हसती काय गं? तुझी सवत हाय ही!"

"आत्याबाई," ती कुजबुजली, "काचंवर गोरं काळं दिसतं, अन् काळं पांढरं. कागदावर छापली की सुलटं होतं. घरात कुणाला तरी सांगताना ऐकलंय मी त्यांना. अन् ही... ही मीच हाय."

मी काच बघितली. नाकातली मोरणी बघितली. सुभद्रेचं नाक बघितलं. तीच मोरणी. मीच घडवलेली.

मग तिनं सगळं सांगितलं. श्रावणात कडूबाई शेजारणीसोबत मी तिला कपिलधारच्या दर्शनाला धाडलं होतं. धबधब्याचे तुषार अंगावर येऊन पदर चिंब झाला, तो तिनं मागं सारला अन् दगडावर बसून पायातला खडा काढत होती. कडूबाई देवळात. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं...

"ओ बाई! हलू नका!"

"का? डोक्यावर साप हाय का माझ्या?" पाण्याच्या आवाजात हिलाही ओरडावंच लागलं.

"साप न्हाई... ऊन हाय! तुमच्या गालावर पडलंय. आत्ता जाईल ते."

"मग उन्हाला सांगा ना हलू नको म्हणून!"

"हसू नका, तसवीर बिघडंल!"

"तुमी हसवू नका!"

काळ्या फडक्यातून डोकं बाहेर आलं. फेटा सुटलेला, केस पिंजारलेले. फडक्याखाली ही त्याला उलटी दिसली होती. आता सुलटी दिसली अन् तो उभ्या उभ्या खांबच झाला.

"तुमी... कुणाच्या?"

"ज्याची हाय त्याला इचारा!"

"त्याला सांगा, लई नशीबवान हाय तो!"

"सांगते. पर त्याला ऐकू कमी येतंय वाटतं!"

अन् पदर ओढून ही देवळात पळाली.

"तू त्याला वळखलंस?" मी विचारलं.

"आवाजावरूनच. पदराच्या आतनं बाहेरचं सगळं दिसतं, आत्याबाई. वैशाखापासून मी त्यांना बघती. त्यांनी मला कुठं बघितलंय?"

"मग तिथंच सांगायचं की!"

"मला वाटलं, वळखलंय अन् थट्टा करतायत. घरी आल्यावर रातभर हसू दाबून बसले. अन् सकाळी बघते तर... गोठ्यात!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला बघून माझ्यावरच सवत आणली ओ त्यांनी! ती मीच निघाले म्हणून बरं. दुसरी कुणी असती तर? असा राग येतोय... अन्..."

"अन् काय?"

"...अन् लाज येती," ती म्हणाली, अन् पदर पुन्हा हनुवटीपर्यंत ओढला.

मी उठले. "चल, जाते अन् सांगते त्या ठोंब्याला."

तिनं माझा हात धरला. नव्या सुनेनं सासूचा हात धरायचा! "न्हाई, आत्याबाई. तुमी सांगितलं तर ते तुमच्या हुकमानं मला वळखतील. मला त्यांच्या डोळ्यांनी वळखू द्या."

"अन् न्हाई वळखलं तर? मुंजाजी येतोय!"

"तर जाईन," ती म्हणाली. "जो बघत न्हाई त्याच्यापाशी कशाला ऱ्हायचं?"

अशी ही पाण्यासारखी पोरगी! मला तिचा राग आला. पण असा राग मला माझ्या बरोबरीच्या माणसाचाच येतो.

मी जीभ दातांखाली धरली. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, बघा! संध्याकाळी ती गोठ्यात भाकरी घेऊन जायची. दोघांनी एकमेकांशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून मधे गाय.

"गंगे," ही कुजबुजायची, "तुझ्या धन्याला इचार, मीठ भाकरीत कमी हाय का मनात?"

"गंगे, तिला सांग," हा बैलांकडं तोंड करून बोलायचा, "भाकरी लई ग्वाड हाय. खाणारा तिच्या लायकीचा न्हाई."

"इचार त्याला, कपिलधारच्या बाईला भाकरी थापता येती का?"

"...ते काय ठावं न्हाई."

"मग कशाला भुललास म्हणावं!"

"ती हसली... म्हणून."

घागर घेऊन कुडामागं उभी असलेली मी! हसू येत होतं अन् डोकंही फुटत होतं. शेवटी गायच हंबरली.

पोळा झाला. मुंजाजी यायच्या दिवशी सकाळीच त्रिंबक एक लाकडी चौकट घेऊन अंगणात आला. मास्तरांनी आदल्या जुम्म्याला छाप काढायला शिकवलं होतं. काचेखाली कोरा कागद दाबायचा अन् चौकट उन्हात ठेवायची. ऊन जसं लागंल तशी तसवीर कागदावर उमटते. मग ती औषधात बुडवायची, न्हाईतर उन्हानं सगळा कागद काळा पडतो.

"औषध कुठंय?" मी विचारलं.

"आणलं न्हाई." तो चौकटीकडंच बघत होता. "एकदा बघून घेतो, आई. मग उन्हातच ठेवतो. पडू दे काळी. सुभद्रेला धाडल्यावर ही तरी घरात कशाला?"

म्हणजे दोघींनाही सोडणार! अशा माणसाला शहाणा म्हणावं का खुळा?

भादव्याचं ऊन ते. घडीत कडक, घडीत ढग. ढग आला की तो चौकटीवर वाकून बसायचा, जसं त्याच्या मायेनंच ऊन परत येणार होतं. ओसरीवर सुभद्रा सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. पाखडायची लय मात्र सारखी चुकत होती. मी मधे बसले. रस्त्याकडं कान लावून.

ऊन आलं. त्यानं चौकटीची मागची फळी अर्धी उघडली. तांबूस कागदावर आधी कपाळ, मग नाक, मग ते हसू...

"आई, ही बघ," तो म्हणाला. "हीच ती."

तेवढ्यात वेशीकडून गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मुंजाजी!

त्रिंबक कागद हातात घेऊनच उठला, ओसरीपाशी गेला अन् जमिनीकडं बघत म्हणाला, "सुभद्रा... तुझा भाऊ आला. मला माफ कर."

धाडकन सूप खाली पडलं. ज्वारी अंगणभर.

"माफी जमिनीला मागताय का मला?" सुभद्रा ओरडली. माझ्या घरात, भर दिवसा, सासूसमोर! पार वेशीपर्यंत गेला असेल आवाज. "काडीमोड द्यायची तर तोंडाकडं बघून द्या की!"

त्रिंबक जागच्या जागी थिजला. मान हळूहळू वर आली. हातातल्या कागदाकडं बघितलं. पदराकडं बघितलं. पुन्हा कागदाकडं.

"हा आवाज..." तो म्हणाला. "धबधब्यापाशी... हाच..."

तो पुढं झाला. पदराला हात नाही लावला त्यानं, एवढं मी पोराला शिकवलंय. नुसता उभा राहिला, अन् अगदी हळू म्हणाला, "हलू नका... ऊन पडलंय."

तिनं आपल्या हातानं पदर मागं सारला. डोळ्यांत पाणी, नाक लाल, अन् गालावर खरंच ऊन.

"तू?"

"न्हाई," ती फणकारली. "माझी सवत."

"मी... मला वाटलं... मी तुझ्यावरच..." "माझा जीव गेलाय गं तुझ्यावर. अन् तुलाच धाडत होतो!"

"ते गाईला सांगा," ती म्हणाली. पण हसली. तसंच. अन् हा हसला, अन् लगेच दोघांनाही आठवलं की मी तिथं बसलेय. हिनं पदर ओढला, ह्यानं मान घातली खाली. घुंगरं दारात येऊन थांबली.

मी उठले नाही. कमरेवर हात ठेवला अन् मुंजाजीलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"त्रिंबक्या, निवाडा ऐक. बायकोला परकी समजून भुललास, हा गुन्हा तुझा. त्याला ह्या घरात दुसरा कुणी जबाबदार न्हाई. पर भुललास ते चोरून ठेवलं न्हाईस, आईपुढं येऊन बोललास, म्हणून काडीमोड न्हाई अन् गोठाही न्हाई. तो कागद काळा पडतोय तर पडू दे! वर मान कर. सुभद्रे, सोड तो पदर. आता बघ तिच्याकडं, दिवसाउजेडी, माझ्यादेखत. मी हितनं उठणार न्हाई, अन् तुझं बघून झाल्याबिगर मुंजाजीला कुणी पाणी द्यायचं न्हाई. बघ म्हणते ना!"