धुऱ्यावर फोडलेला तुंबा

दाराशेजारी दोन खुंट्या होत्या आणि त्यांवर दोन तुंबे. एक कुंदाचा, एक श्रीकृष्णरावांचा. एकाच वेलाचे, जुळे म्हणावेत असे. भोपळे कोवळे असतानाच गळ्याला चिंधी बांधून कुंदानं त्यांना कंबर आणली होती. वाळल्यावर आतला गर कुजवला, खरवडला आणि कडूपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहिली. श्रीकृष्णरावांची कळंबच्या कचेरीतली नोकरी संपल्यावर दोघं झरी जामणीकडं तिच्या माहेरच्या शेतावर राहायला आले, तेव्हापासून ज्याचं पाणी ज्याच्या त्याच्या तुंब्यातून. फ्रीजच्या पाण्याला ही गोडी नाही, असं ती म्हणायची.

दिवाळी झाली आणि कुंदा तापानं गेली.

तिच्या माहेरची एक रीत होती. गेलेल्या माणसाचा तुंबा दहाव्याला शेताच्या धुऱ्यावर, हद्दीच्या बांधावर फोडायचा, म्हणजे त्याची इथली तहान संपते. श्रीकृष्णरावांना हे पटत नव्हतं. पण चारचौघांत नाही म्हणण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. तिचे ओठ लागलेली वस्तू आपल्याच हातानं कशी फोडायची? त्यांनी खुंटीवरून स्वतःचा तुंबा काढला.

शेजारच्या तानाबाईनं धुऱ्यावर विचारलं, "भाऊजी, तिचाच हाय ना हा?"

"तिचाच."

"मंग फोडा."

तुंबा एका दगडात फुटला. पाणी काळ्या मातीत मुरलं. भोपळा तो भोपळा, त्यांनी मनाची समजूत घातली.

कुंदाचा तुंबा ते रोज सकाळी भरू लागले. संध्याकाळपर्यंत तो अर्धा होई. वाळकं टरफल पाणी पितं, हे त्यांना माहीत होतं. तरी अर्धा झालेला तुंबा हातात घेतला की त्यांना बरं वाटे.

पुढं एकदा ते गावातल्या भगवानरावांच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथं टेकायच्या आत पाण्याचा गडू पुढं येतो. त्या दिवशी आला नाही. भगवानराव देवीलालशी बोलत होते.

"लय साधा मानूस होता. पुस्तकातून डोकंच वर काढे नाही."

"अन् चहात साखर नसली तरी गुमान पिऊन घे!"

दोघं हसले. श्रीकृष्णरावही ओशाळून हसले. कोणाबद्दल चाललंय, हे विचारायचा त्यांना संकोच वाटला.

तसं त्यांच्याकडं पूर्वीही कोणी फारसं बघत नसे. त्यामुळं हात दाखवूनही एसटी थांबली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःलाच दोष दिला. हात आणखी वर करायला हवा होता. नागपूरला मुलीला फोन लावला. "हॅलो? हॅलो?" गौरी म्हणाली, मग बाजूला कोणाला तरी, "काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं." टॉवरचं इकडं असंच असतं.

पण दुधवाल्यानं दूध बंद केलं. ते जवळून गेले की गावातली कुत्री अंगावरून वारा गेल्यासारखी कान हलवून पुन्हा झोपू लागली.

शेवटी ते तानाबाईच्या वावरात गेले. ती कापूस वेचत होती.

"तानाबाई, माझी चूक झाली. तो तुंबा तिचा नव्हता. माझा होता."

ते आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. तानाबाई बोंडं वेचत वेचत त्यांच्या अगदी जवळ आली, आणि पुढं सरकली. तिचं लुगडं त्यांच्या हाताला घासलं.

काय करायचं ते आता स्पष्ट होतं. तिचा तुंबाही फोडायचा. तिची ती शेवटची वस्तू. ती गेली की घरात तिचं असं काही उरणार नव्हतं. पण निदान कोणी तरी त्यांना 'या, बसा' म्हटलं असतं. घरी येईपर्यंत त्यांनी मनाची तयारी केली.

खुंटी रिकामी होती.

स्वयंपाकघरात बांगड्या वाजत होत्या.

फाटकाशी ऑटो थांबला. गौरी उतरली. तिचे डोळे सुजलेले होते. श्रीकृष्णराव ओट्यावर उभे होते. ती त्यांच्या शेजारून दारात गेली.

"आई, आता चाल ना माझ्यासोबत. बाबांशिवाय एकटी कशी राहशील इथं?"

"राहते ना," आतून कुंदा म्हणाली. "तुझे बाबा होते तेव्हा तरी कुठं बोलत होते? सवय आहे मला."

"कुंदा," त्यांनी हाक मारली.

ती बाहेर आली. हातात पळसाचं पान होतं. भात, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. त्यांना आवडायचं तसं. अंगणाच्या कडेला तिनं पान ठेवलं, हात जोडले आणि आत गेली.

कुंपणावर कावळे येऊन बसले.

ते उतरायच्या आत श्रीकृष्णराव पानापाशी जाऊन बसले.