काळ्या खडकावरचं जोडपं

निसर्गाच्या सान्निध्यात गेलं की माणसाचा अहंकार गळून पडतो. माझी कवळी गळून पडली. हिरडवाडीच्या तळ्याकाठी, तालिमखान्याच्या जांभळ्या फुलावर एक निळी टाचणी, म्हणजे चतुराची बारीक बहीण, बसली होती. तिचा फोटो काढायला मी चिखलात पोटावर आडवा झालो, श्वास रोखला आणि नेमकी शिंक आली. टाचणी उडाली, कवळी चिखलात गेली, अहंकार जागच्या जागी राहिला.

"आप्पा, हलू नको," मागून फक्रुद्दीन म्हणाला. "बगळा कवळीकडं बघतोय. उचलली तर उद्या तो हसताना दिसंल."

फक्रुद्दीनचा तिसगावात फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आले आणि स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं. आता ज्यांना 'जरा हसा' म्हणावं लागत नाही, अशांचेच फोटो काढायचे असं त्यानं ठरवलं, आणि माझ्याही गळ्यात एक जुना कॅमेरा अडकवला. मी नगरहून एस.टी.नं तिसगावला यायचो, तिथून त्याच्या स्कूटरवर मागे बसून हिरडवाडीला. जिल्ह्याचं नाव बदललंय, खड्डे मात्र अजून जुन्याच नावाला ओळख देतात.

हिरडवाडीचं तळं म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून बांधलेला पाझर तलाव. आता तिथं 'पाणथळ पक्षी राखीव क्षेत्र' अशी पाटी आहे. पाटीवर एक गुलाबी रोहित पक्षी रंगवलाय. तो इथं कधी उतरलेला नाही. चित्रकाराला कॅलेंडरवर भेटला असावा. पण बाकी पुष्कळ होतं. काठाला पाणकणसांची दाटी, उथळात पांढऱ्या कुमुदिनीची फुलं, लाल तंगड्यांचे शेकाटे, हळदीकुंकू बदकं, आणि ऊन चढलं की पाण्यावर चतुरांची ये-जा. तिथं तासभर बसलं की डोळे उघडे ठेवूनही झोप लागल्यासारखं वाटायचं. आवाज यायचे, पण आपल्यासाठी नसल्यासारखे.

पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून आम्ही कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वरून टेम्पोची फाटकी ताडपत्री टाकून एक आडोसा केला. दुसऱ्याच दिवशी बाहेर शेळ्यांची घुंगरं वाजली आणि एक काठी आत आली. काठीच्या मागून म्हातारी आली.

"ह्या कोपीत कोन ऱ्हातंय?"

ऊसतोडीला गेल्यावर फडाशेजारी पालासारखी झोपडी घालतात, तिला कोपी म्हणतात. आमचा आडोसा तिला तसाच दिसला असावा.

"कोणी राहत नाही, बाई. पक्षी बघतोय."

"घर सोडून कोपीत बसायचं, आन् वर कुनी मुकादम न्हाई मागं. सुखी हायेत माणसं," ती म्हणाली आणि बसली.

ही लंकाबाई. दिवाळी झाली की अर्धी हिरडवाडी ऊसतोडीला जाते. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लंकाबाईचा मुलगा अजिनाथ आणि सून सुकन्या, हा तिच्या घरचा कोयता. ट्रक यायच्या आधी प्रत्येक जोडपं आपला कोयता तळ्यात धुऊन घेतं, अशी तिथली रीत. मग मागं म्हाताऱ्या, शेळ्या आणि कुत्री उरतात.

"लांबचं दिसतं का ह्यातनं?" तिनं माझ्या कॅमेऱ्याच्या लांबलचक भिंगाकडे हनुवटी केली. "माज्या डोळ्याला मोतीबिंदू हाय. पोरं आल्यावर काढायचाय. मधल्या काळ्या खडकावर बघा बरं. दोन हायेत का?"

मी बघितलं. तळ्याच्या मधोमध काळा खडक होता आणि त्यावर चक्रवाकांची जोडी. भगव्या अंगाचे, जाडजूड, थेट सरकारी कार्यालयात बसल्यासारखे. मादीचं डोकं जरा फिकट.

"आहेत. दोन."

"मंग झालं," म्हणून ती उठली.

फक्रुद्दीननं मागून विचारलं, "मावशी, पाळलीत का?"

"पाळायला काय कोंबड्या हायेत? आमच्या घरची हायेत ती. त्या पल्याडच्या कारभाऱ्याच्या घरची. बेशरमीच्या झुडपापाशी बसत्यात ती भीमाच्या घरची. ट्रक जात्यात, ही येत्यात. चैतात पोरं येत्यात, ही जात्यात. दोन हायेत तवर दोन हायेत." एवढं सांगून ती शेळ्यांमागं गेली.

मी फक्रुद्दीनला शास्त्रीय माहिती दिली. चक्रवाक हिवाळ्यात उत्तरेकडून येतात, जोडीनं राहतात, ठरलेल्या जागी बसतात. ऊसतोडीचा हंगाम त्याच महिन्यांत. दोन वेळापत्रकं जुळली, एवढंच.

"बरोबर आहे," फक्रुद्दीन म्हणाला. "पण बाई तुझ्याशी भांडत कुठं होती?"

त्यानंतर आम्ही गेलो की लंकाबाई यायची, तोच प्रश्न विचारायची, तेच उत्तर घेऊन जायची. गावात मोबाईलला रेंज नव्हती, फक्त तळ्याच्या बांधावर. पोराचा फोन आला तर तिथं, आणि तो कधीमधी यायचा. मधल्या दिवसांत तिला आमच्या भिंगाचाच आधार होता. मीही ते मनावर घेतलं. कुमुदिनीवरची मधमाशी सोडून आधी खडक बघायचा, मग बाकीचं.

मार्गशीर्षात एकदा नर एक पाय पोटाशी घेऊन उभा दिसला. पक्षी असे उभे राहतातच. पण चालायला लागला तेव्हा तो लंगडत होता. मी सहज बोलून गेलो. लंकाबाई बांधावर जाऊन फोन हातात धरून बसली. दुपारी फोन आला. अजिनाथच्या नडगीला कोयता लागला होता, टाके पडले होते.

"योगायोग," मी म्हणालो.

"व्हय," लंकाबाई म्हणाली, "तसंच काय तरी."

पुढे एका सकाळी खडक मोकळा होता. सगळं तळं भिंगातून फिरून आलो, तर जोडी दक्षिणेच्या काठाला मजेत चरत होती. संध्याकाळी कळलं की टोळी जुना फड संपवून दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीत गेली. यावेळी मी योगायोग म्हणालो नाही. फक्रुद्दीननं नुसती ताडपत्री सारखी केली, ती सारखीच होती तरी. चार दिवसांनी जोडी परत खडकावर आली.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी तळ्यावर धुकं उतरलं. आमच्या कोरड्या भागात असं धुकं क्वचितच. काठ नव्हते, बांध नव्हता, पाटीवरचा रोहित तेवढा हवेत तरंगत होता. पाणी इतकं स्थिर की त्यावर काही ठेवलं तर राहील. पाणकणसावर चतुर बसले होते, पंखांवर दव, जागेवर मेल्यासारखे. मी एकाचा फोटो घेतला. त्याच्या प्रत्येक पंखात एक पांढरी सकाळ होती. मला वाटलं, आज घरी जाऊच नये.

मग धुकं मधून फाटलं आणि खडक दिसला.

खडकावर एक होता.

मी भिंगातून डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. नर. मान उंच करून उभा. त्यानं एकदा हाक दिली, नाकातून आल्यासारखी, लांब. तळ्यात कुठूनच उत्तर आलं नाही.

"फक्रू," मी म्हणालो. "बघ बरं."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

घुंगरं वाजली. काठी आत आली.

"दोन हायेत का?"

मी आयुष्यभर साप्ताहिकात विनोदी सदर लिहून, लोकांची टोपी उडवून पोट भरलं. खोटं कसं बोलतात ते मला शिकवावं लागत नाही. पण त्या वेळी मी आधी तिच्याकडे बघितलं. लंकाबाईचे पांढुरके डोळे माझ्या तोंडाकडे नव्हतेच, ती माझ्या खांद्यावरून तळ्याकडे बघत होती, जिथं तिला काहीच दिसत नव्हतं.

"दोन आहेत," मी म्हणालो.

फक्रुद्दीननं माझ्याकडे पाहिलं नाही.

"हाक एकाचीच आली," लंकाबाई म्हणाली.

"दुसरी झोपली असेल. थंडी आहे."

ती बसली. उठेचना. शेळ्या धुक्यात निघून गेल्या तरी तिनं मागं बघितलं नाही.

"फोटू काढा," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुमी दोन म्हनताय ना. मंग दोगांचा काढा."

मी कॅमेरा उचलला. भिंगात खडक, पाणी आणि एक नर. मी बटण दाबलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो आला. मी तो फक्रुद्दीनपुढे धरला.

दोन होते.

फिकट डोक्याची मादी, नराच्या डाव्या अंगाला, पंख मिटून.

मी वर बघितलं. धुक्यात खडक होता. खडकावर दोन होते. ना पंखांचा आवाज, ना पाण्यावर रेघ.

"काय?" लंकाबाईनं विचारलं.

"दोन," फक्रुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

तेवढ्यात तिच्या कनवटीतला फोन थरथरला. बांधाबाहेर, रेंज नसलेल्या त्या कोपीत. मग वाजला. तिनं तो कानाला लावला आणि नुसतं ऐकत राहिली. पलीकडून अजिनाथ इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हालाही ऐकू येत होतं. पहाटे मोळ्या भरताना ट्रॉली कलंडली. सुकन्या खाली. उसाखालून काढली तर श्वास नव्हता. कुणीतरी अंगावर चादर टाकली होती. लोक घरी कसं कळवायचं ते बोलत होते.

"मंग?" लंकाबाईनं विचारलं.

"मंग उठून बसली, आय. आत्ता. पानी मागितलं. अजून पितीच हाय."

लंकाबाईनं फोन कनवटीला लावला. काठी टेकून उठली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी तिच्याहून वडील असूनही, आणि शेळ्या शोधायला गेली.

तिसगावला घरी गेल्यावर फक्रुद्दीननं फोटो कॉम्प्युटरवर घातला आणि मोठा केला. त्याची ही जुनी खोड, लग्नाच्या फोटोतले मिटलेले डोळे शोधायची.

"आप्पा," तो म्हणाला. "पाणी बघ."

पाणी काचेसारखं होतं. खडक सरळ, खाली खडक उलटा. वर दोन पक्षी.

खाली एक.

आम्ही कोन, उजेड, तरंग, सगळ्यावर बोललो. फक्रुद्दीनला या धंद्यात प्रतिबिंबांचं जेवढं कळतं तेवढं त्यानं सांगितलं. तोवर चहा गार झाला. लंकाबाईला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. तिला खडकावरचे हवे होते, ते होते.

उन्हं तापायला लागली तशी तळ्याची कड आत सरकली. कुमुदिनी सुकली. चक्रवाक एकेक जोडी करून उठले. आमच्या घरची जोडी, म्हणजे लंकाबाईच्या, सगळ्यांत शेवटी गेली. उडताना दोन होते. खाली पाण्यावर मी बघितलं नाही. इतका शहाणपणा या वयात यायला हरकत नसावी.

मग ट्रक आले. गावात हाका, भांडणं, गाणी, टेप. एका दुपारी लंकाबाई दोघांना घेऊन कोपीपाशी आली. अजिनाथ जरासा लंगडत होता. सुकन्या हसरी पोरगी, कपाळाला भाजल्यासारखा एक व्रण. तिनं चहाची किटली आणली होती. आम्हाला ओतून दिला, स्वतः घेतला नाही.

"तुला नको?" मी विचारलं.

"मला आता पानीच बरं वाटतंय, आप्पा."

"हेच ते आप्पा," लंकाबाई सुनेला सांगत होती. "रोज तुमाला बघायचे. एक दिस चुकवला न्हाई."

सुकन्यानं माझ्याकडे बघितलं. फार शांत बघितलं. आपल्याला कुणी झोपेत पाहिलंय हे माहीत असावं, तसं.

"त्या दिवशी तुमीच दोन म्हनालात ना," ती हळूच म्हणाली.

सासूनं सांगितलं असणार. मी मान हलवली.

मग अजिनाथला फोटो हवा झाला. तिघं पाण्याच्या कडेला उभे राहिले. लंकाबाई मधे, मोतीबिंदूचे डोळे ताणून, कॅमेऱ्याच्या साधारण दिशेला. फक्रुद्दीन सवयीनं म्हणाला, "जरा हसा." वारा पडला होता. मी बटण दाबलं.

काच बघायचा मला धीर होईना. सुकन्याच पुढे आली, कॅमेरा हातात घेतला आणि पदराच्या सावलीत धरून फोटो न्याहाळला. वरून खाली. खाली तिची नजर थोडा वेळ थांबली. चेहरा काही बदलला नाही.

"छान आलाय, आप्पा," कॅमेरा परत देत ती म्हणाली. "माज्या मोबाईलवर पाठवा. खालचं पानी तेवढं कापून टाका फक्त, डीपीला ठेवायचाय."