हस्तगुरू

"सर, हा मला वळूच देत नाहीये!" ऋजुता ओरडली.

क्ष-किरण कक्षातल्या टेबलावर एक बाळंतीण होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. मांडीतून सरकवलेला कॅथेटर गर्भाशयाच्या डाव्या धमनीच्या तोंडाशी पोचला होता. ती धमनी आतून बुजवली की गर्भाशय वाचणार होतं. नाहीतर ते काढून टाकायला शेजारी सर्जन तयारच होते. आणि नेमका इथंच डॉ. ऋजुता बेंद्रेच्या हातावरचा हस्तगुरू तिचा अंगठा डावीकडे वळू न देता अडून बसला होता.

हस्तगुरू म्हणजे एक हातमोजा. निष्णात डॉ. नाडगौडांच्या हाताची प्रत्येक हालचाल त्यात साठवलेली. शिकाऊ डॉक्टरचा हात त्या वाटेवरून जरा ढळला, की मोजा त्याला मागे ओढायचा. राज्यभरचे निवासी डॉक्टर याच मोज्यात शिकले. नाडगौडा आता फक्त काचेआडून बघत. ऋजुता तीन वर्षं त्या मोज्याशी झगडत होती. त्या ओढाताणीत तिचं मनगट कायमचं दुखायला लागलं होतं.

"तो अडवतो म्हणजे तिथं धोका असणार," आत येत नाडगौडा म्हणाले. "डावीकडे नाही जमलं तर गर्भाशय काढायचं. सगळीकडे असंच करतात."

"सगळीकडे हाच मोजा आहे म्हणून! तुम्ही वळवून दाखवा बरं, नुसत्या हातानं."

त्यांनी हवेत अंगठा डावीकडे वळवला. सहज वळला. त्यांचा चेहरा उतरला.

"हात नोंदवला त्या महिन्यात," ते अडखळले, "अंगठ्याला नखुरडं झालं होतं गं. असं वळवताना जीव जायचा. मी टाळायचो."

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका नखुरड्यापायी किती बायकांची गर्भाशयं गेली असतील! आणि कुणी साधं विचारलंही नाही! तिनं हस्तगुरू ओरबाडून फेकला, साधे हातमोजे चढवले आणि दुखरं मनगट अजिबात न वाकवता, कोपरातून हात फिरवत, अंगठा डावीकडे वळवत कॅथेटर आत नेला. धमनी बुजली. रक्त थांबलं.

"शाब्बास!" नाडगौडांचा जीव भांड्यात पडला. "ही चूक लगेच सुधारू. उद्यापासून हस्तगुरूत तुझा हात भरायचा."

ऋजुता दुखरं मनगट चोळू लागली. तिचा राग आणखीनच चढला.

"भरा की, सर. आणि पुढची पोरं विचारतील, मनगट का वाकवायचं नाही, तेव्हा काय सांगाल? तिथं धोका आहे म्हणून?"