ड्रायरमधला ग्लोव्ह

धप्... धप्... धप्...

रविवारची सकाळ. सगळी इमारत अजून पांघरुणात गुरफटलेली, आणि तळघरातल्या कपडे वाळवायच्या ड्रायरमधून मात्र हा आवाज! कोरीन त्या गोल काचेसमोर हाताची घडी घालून उभी होती, जणू आत केक फुगतोय.

"आत मांजर अडकलंय का?"

ती दचकून वळली. दारात, कपड्यांची टोपली कमरेवर टेकवून, वरच्या मजल्यावरचा एमेट उभा होता. आजवर त्यांची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरतीच.

"बेसबॉलचा ग्लोव्ह आहे, चेंडू झेलायचा. माझ्या मुलीचा. नवा, फार कडक... मऊ व्हावा म्हणून—"

त्याने टोपली टाकली आणि ड्रायरचं दार उघडलंसुद्धा. "अहो, कातडं आहे ते! भाजून काढताय की काय?"

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"ग्लोव्हने. केव्हाचा ओरडतोय बिचारा." गरम ग्लोव्ह त्याने या हातावरून त्या हातावर उडवला आणि अचानक थांबला. "मुलगी कुठल्या हाताने चेंडू फेकते?"

"डावखुरी आहे टिल्डा. म्हणून मुद्दाम डाव्या हातात घालायचा आणला," कोरीन जरा ताठ्यातच म्हणाली.

त्याने ग्लोव्ह स्वतःच्या डाव्या हातात चढवला. मग अगदी हळू... "डावा हात तर यात अडकला. आणि फेकणार कुठल्या हाताने?"

कोरीनने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग उजव्या. कानाच्या पाळ्या तापल्या. आठवडाभर पोर बिचारी उजव्या हाताने वाकडंतिकडं फेकत होती, आणि आपण म्हणत होतो, सराव कर गं, जमेल!

"हसा. मोकळेपणाने हसा."

"हसत नाहीये."

"हसताय."

"...थोडंसं."

आणि मग तीच हसली. कितीतरी दिवसांनी, पोट धरून.

हसता हसता मनातलं सगळं बाहेर आलं. टिल्डाचे बाबा दूर टेक्सासला, नव्या संसारात. या दोघी आयोवातल्या या गावात हिवाळ्यात आलेल्या. शाळेत टिल्डा डबा एकटीच खाते. आणि इथे ज्या मुलाला टीम नाही त्याला उन्हाळाच नाही. मे महिना लागला की सगळी पोरं मैदानावर. पण गावातल्या टीमची नावनोंदणी बर्फ पडत असतानाच आटोपलेली. गुडघाभर बर्फात उन्हाळ्याचा खेळ कोणाला आठवतो?

"इथल्या लोकांना तेवढंच आठवतं," एमेट म्हणाला. "नदीपलीकडच्या गावात निवड चाचणी व्हायची आहे अजून. मोजकीच मुलं घेतात, पण... बघू या ना."

'बघू या' म्हणाला तो. 'बघा' नाही. कोरीनच्या ते लक्षात राहिलं.

एमेटही डावखुरा. आईच्या घरच्या माळ्यावरून त्याने आपला लहानपणचा ग्लोव्ह शोधून आणला. बाहेर नुसता चिखल, म्हणून तळघरातच सराव सुरू झाला, मोज्यांच्या गोळ्यांनी. टिल्डा चेंडू आला की डोळे मिटायची.

"त्याला घाबरतेस काय? पाहुणा आहे तो. बघ त्याच्याकडे, दार उघड, आत घे," एमेट सांगायचा.

"आणि चहा विचारू?" टिल्डा.

"आधी पकड तर, मग विचार!"

कोरीन कपड्यांच्या घड्या घालत बघत राहायची. एकदा तिने त्याच्या टोपलीतला निळा शर्ट उचलला. "हा कालच धुतला होतास ना?"

"लवकर मळतो."

"कपाटात?"

त्याची मान लालेलाल. "फार... धुळीचं कपाट आहे."

चाचणीच्या शनिवारी बारीक गार पाऊस. लाकडी बाकावर कोरीनच्या शेजारी एमेट, दोघांत एकच छत्री, एकाच थर्मासची कॉफी. टिल्डाच्या पाठीवर नंबर टाचलेला. पहिला चेंडू सुटला. दुसराही सुटला. कोरीनने न बघताच शेजारचा हात घट्ट धरला. तिसऱ्याला टिल्डाने डोळे उघडे ठेवले... धरला! आणि डाव्या हाताने असा भिरकावला की पलीकडची प्रशिक्षक बाई "अरे वा!" म्हणून मागे सरकली.

हात सोडायचं मात्र दोघंही विसरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एमेट त्यांच्याकडेच बसला होता, तेव्हा फोन आला. टिल्डाची निवड झाली होती! पोरीने सोफ्यावरून उडी मारली, एमेटच्या गळ्यात पडली, खाली उतरून पुन्हा उडी मारली. कोरीनने मक्याचा पाव ओव्हनमधून काढला. आभार मानायला तिला कधी शब्द सापडायचे नाहीत. ती असं काहीतरी भाजायची. पण आज पाव ओट्यावर ठेवून ती एमेटकडे वळली.

"एमेट, तू..." तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "इतके दिवस तिच्याबरोबर कोणी नव्हतं. माझ्याबरोबरही. मला वाटलं होतं, हे असंच असतं. तू आमच्यासाठी..."

"तुमच्यासाठी कसलं? मी तर..." तो अडखळला. "रोज संध्याकाळची वाट बघायचो, कोरीन."

खिडकीवर पाऊस टपटपत होता. टिल्डा या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, तोंडात पावाचा तुकडा. एकदा याच्याकडे, एकदा हिच्याकडे बघितलं. कपाळाला आठी.

"पण आई, आता चाचणी तर झाली," ती म्हणाली. "मग एमेट उद्या कशासाठी येणार?"