बगळ्याने उपटलेलं ठेंगणं रोप

एकच बियाणं, एकच चिखल, तेच पाणी. मग शेतभर रोपं कमरेला लागली आणि हे एकटंच गुडघ्यापाशी का थांबलं? निशिगंधाला हे कोडं पडलं तेव्हा ते रोप बांधावर सुकायला लागलं होतं. उपटून टाकलं होतं तिच्याच लाडक्या बगळ्याने.

बगळ्या म्हणजे शेतातला यंत्रमानव. टांगा लांब, अक्कल बेताची. वेगळं दिसेल ते भेसळ समजून उपटायचं, हे त्याला निशीनेच शिकवलं होतं; गावात बियाणं असंच शुद्ध ठेवतात. पोरीचं काय चुकलं? आजोबांनी आधी सांगायला नको? शास्त्रज्ञ माणूस, जगाला शिकवेल, घरात तोंड उघडणार नाही.

रोप पाहून आजोबांचा चेहरा उतरला. त्यांच्या मोगरसाळ भाताला वास असा, की शिजला की शेजारी डोकावतात. पण काडी उंच. दाणा भरला की वाऱ्याने आडवी. यंदा बुटकं रोप मिळालं नाही, तर गाव मोगरसाळ पेरायचं सोडणार होतं.

मुळं चिखलात दाबता दाबता ते बोलते झाले. बियाण्यावर त्यांनी गॅमा किरण (डोळ्यांना न दिसणारे, आरपार जाणारे किरण) सोडले होते. त्या किरणांनी जनुकं (उंची, वास ठरवणाऱ्या आतल्या सूचना) कुठेतरी बदलतात. हेच उत्परिवर्तन (पुढच्या पिढीत उतरू शकणारा बदल). प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात. पहिल्या पिढीत एक बदलली तरी दुसरी सांभाळून घेते. दुसऱ्या पिढीत एखाद्या रोपाला दोन्ही बदललेल्या मिळतात, तेव्हा बदल उघडा पडतो; हे शेत दुसऱ्या पिढीचंच.

“मग हा भात खाल्ला तर किरण पोटात जातील?”

“उन्हात वाळलेला पापड खाऊन पोटात ऊन पडतं का गं?”

मग हवा तोच बदल का करत नाही, असं निशीने विचारलं. किरणांना कुठे कळतंय, आजोबा म्हणाले. हजारो रोपं जशीच्या तशी, काही खुरटी, वांझ निघतात, कामाचं एखादंच.

भात मुळात उपटून लावायची जात. आठवडाभर मान टाकून ठेंगण्याने नवी पात काढली. निशीने ती चुरगाळून हुंगली. वास तोच.

पुढच्या हंगामात त्याच्या दाण्यांची रांग ठेंगणीच उगवली. दाणे भरले, वारा सुटला, शेजारची उंच मोगरसाळ लोळली. ही डुलत राहिली. बी मागायला लोक आले. अजून काही वर्षं तपासू, मग देऊ, असं आजोबांनी सांगितलं. लोक थांबायला तयार झाले.

आता कमी पाण्यात तगणारं रोप शोधायचं म्हणून आजोबा बियाण्याची पिशवी घेऊन किरणकेंद्राकडे निघाले, तर निशी चप्पल घालून आधीच दारात.